मायला समुद्र दाखवायचा होता

समुद्रावर फिरायला गेल्यावर काय काय करायचं, ते माझ्या लेकीने मोबाइलमध्ये बघून तोंडपाठ करून ठेवलं होतं. बोटीतून डॉल्फिन बघायचे, घोडागाडीत बसायचं, सूर्य बुडताना फोटो काढायचे, आणि ती रबराची लांबडी केळी असते ना, तिच्यावर ओळीने बसून पाण्यात आपटून घ्यायचं. मी म्हटलं, "अगं बये, आपण जळगावचे. अख्खा जन्म केळीत गेला. आता एवढ्या लांब जाऊन रबराच्या केळीवर बसू?" ती फुगली. म्हणाली, "मम्मी, तुला ना कशातच मजा येत नाही." खरंच नव्हती येत. मला मजा करायचीच नव्हती. मला एकच काम करायचं होतं. माझ्या मायला समुद्र दाखवायचा होता, तोही तिला समुद्र म्हणजे काय हे कळतंय तोवर, आणि दाखवणारी ही आपलीच पोर आहे हे कळतंय तोवर.

माय शिरपूरकडची. माहेर तापीच्या काठी, लग्न करून गेली तीही तापीच्याच काठी, चार गावं खाली. पाणी आयुष्यभर बघितलं तिने, पण दुसरा काठ नसलेलं पाणी असतं यावर तिचा विश्वासच बसत नसे. शाळेत असताना मी तिला नकाशात निळा रंग दाखवायचे, तर ती भाकरी थापता थापता म्हणायची, "माले एकदाव समुद्र देखाना शे." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. नाना, म्हणजे माझे वडील, लगेच फटकारायचे, "पाणीच बघायचं ना? मग तापीत काय दूध वाहतं का?" नानांना गाव सोडून जायचं म्हटलं की नेमकं शेतात काहीतरी काम निघायचं. ते गेले, आणि त्यानंतर वर्षभरातच मायचं विसरणं सुरू झालं.

आधी नुसतं भाजीत दोनदा मीठ पडायचं. आम्ही हसायचो. मग ती माझ्या भावाला आपल्या दिराच्या नावाने हाका मारायला लागली. माझी लेक समोर आली की तिला माझं नाव. माझी ओळख मात्र अजून होती, येत-जात. फोनवर कधी "कोन बोली ऱ्हायनं?" असं विचारायची आणि मी पुन्हा पुन्हा माझं नाव सांगत बसायचे. धुळ्याचे डॉक्टर भले माणूस, पण गोड बोलणं त्यांना जमत नाही. म्हणाले, "जे दाखवायचं, जे खाऊ घालायचं, ते आत्ता. पुढच्या वर्षावर टाकू नका." दवाखान्याच्या बाहेर रिक्षावाले ओरडत होते, आणि मी तिथेच उभी राहून भावाला म्हटलं, आता नाही म्हणशील तर याद राख. गाडी काढ.

गाडी त्याने काढली. पण हा माझा भाऊ! आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि लेक, जळगावहून एसटीने धुळ्याला उतरलो तर गाडीच्या टपावर कपाशीच्या काड्यांचा भारा बांधलेला. शेतातून उपटलेल्या, वाळलेल्या, करकरीत. आत वांग्यांची गोणी, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, परात, तवा. यांनी डोक्याला हात लावला. "अहो, कोकणात लाकडं मिळतात." भाऊ म्हणाला, "दाजी, भरताले कपाशीन्याच काड्या लागतस." संपलं. त्यापुढे बोलायची सोय नाही. हिवाळ्यात चार माणसं एकत्र पाण्याकाठी गेली आणि काड्यांवर वांगी भाजली नाहीत, असं आमच्या मुलखात होत नाही. वाळूत बसायचं, जाळ करायचा, भरीत आणि कळण्याच्या भाकरी खायच्या. तापीला जातो तसेच आम्ही समुद्राला निघालो होतो. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा.

प्रवासात माय इतकी खुशीत होती की मला वाटलं, डॉक्टरच चुकले. प्रत्येक पुलावर काचेला नाक लावून विचारायची, "हाऊच का समुद्र?" लेक म्हणायची, "नाही आजी, अजून मोठा." माय म्हणायची, "आते किती मोठा व्हई बरं!" आणि खुदकन हसायची. घाट उतरताना तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला, माझ्या बांगड्या फिरवत बसली आणि एकदम माझ्या नावाने हाक मारून म्हणाली, "तू ली चालनी ना माले? तुना नानानी कधी नही नेलं." मी मान फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिले. आतल्या आत मी पेढे वाटत होते. म्हटलं, बस, एवढं तिच्या डोक्यात उद्यापर्यंत राहू दे देवा, मग माझी तुझ्याकडे काही तक्रार नाही.

पोचायला उशीर झाला म्हणून त्या दिवशी नुसतंच झोपलो. दुसऱ्या दिवशी चहा-पोहे उरकून किनाऱ्यावर गेलो. गाव लहान, सुरूची झाडं, शहाळीवाले, लेकीची ती रबरी केळी वाळूवर पालथी पडलेली. आणि समुद्र कुठे? लांब, पार तिकडे, एक चकाकती पट्टी. मधे नुसतीच ओली, कडक वाळू. भाऊ खट्टू झाला. "अक्का, एवढासाच?" मायला आम्ही बोटाने दाखवलं, "ते बघ माय, ते." तिने कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "हाऊ तर नाला शे." माझं तोंडच उतरलं. एवढा प्रवास करून नाला! मी म्हटलं, जवळ जाऊ. जवळ गेल्यावर दिसेल.

म्हणून आम्ही गेलो पार पाण्याशेजारी. तापीवर तसंच बसतात, ओल्या वाळूवर, म्हणजे धूळ उडत नाही आणि हात धुवायला पाणी हाताशी. सतरंजी घातली, मायला बसवलं, भावाने काड्या रचल्या. तेवढ्यात खांद्यावर जाळं टाकलेला एक म्हातारा माणूस जाता जाता थांबला. काड्या बघून त्याला हसू आलं असावं, पण बोलला सरळ. "इथे नका बसू हो, भरती लागलीय. वर सरका, झाडांकडे." भाऊ म्हणाला, "काका, पाऊस कुठे पडलाय वरती? पाणी चढणार कसं?" त्या माणसाने एकदा भावाकडे बघितलं, एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं, "बघा बाबा," म्हणाला आणि गेला. आम्ही नदीची माणसं. वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी वाढतं, नाहीतर नाही, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. आभाळ तर लख्ख. भरती-ओहोटी मी पुस्तकात शिकले होते आणि परीक्षेत लिहिलीही होती. पण वाळूवर बसल्यावर मला तापीच आठवली. मीसुद्धा म्हटलं, "घाबरवतात उगाच बाहेरच्यांना."

आणि माय तर कामाला लागली होती. वांगी समोर आल्याबरोबर तिचे हात आपोआप चालायला लागले. प्रत्येक वांगं फिरवून बघायचं, टोचायचं, तेलाचं बोट लावायचं, भावाच्या हातात द्यायचं. चूक नाही, विसर नाही. पाठ समुद्राकडे. मी दोनदा म्हटलं, "माय, बघ ना तिकडे." ती म्हणाली, "थांब व, आधी हाई उरकू दे." जाळ चांगला धरला होता, वांग्यांची साल तडतडत होती, तो वास सुटला होता. लेक फोटो काढत होती. मीही म्हटलं, ठीक आहे, जेवण होऊ दे, मग निवांत बसून बघू. पोटभर जेवलेल्या माणसाला जग चांगलं दिसतं.

पाणी आलं ते असं, की आधी कुणाला कळलंच नाही. सतरंजीचं टोक भिजलं. हे म्हणाले, "अरे, अरे!" आणि दुसरी लाट थेट जाळावर. भस्सकन धूर झाला. काड्या विझल्या, वांगी तरंगायला लागली, परात फिरत फिरत आत निघाली. लेक आधी हसलीच. भाऊ परातीमागे धावला. आणि मायने मागे वळून बघितलं.

तिच्या त्या तोंडाचं मी काय वर्णन करू! सगळं आयुष्य जे बघायचं म्हणून घोकलं, ते तिच्यासमोर उभं होतं, आणि तिने ते बघितलंच नाही. तिला दुसरंच दिसलं. "पूर उना! पूर उना व माय! उठा, बठ्ठा उठा!" तिने हातातलं वांगं टाकलं, कमरेला पदर खोचला. "पोर कोठे शे? मनी पोर कोठे शे? झोयीमा शे ती! घरमा राही गई!"

हे ऐकून भाऊ गुडघाभर पाण्यात थिजून उभा राहिला. आम्हा दोघांनाही लगेच कळलं होतं. मी काही महिन्यांची असताना गावात तापी शिरली होती. माय शेतात होती आणि मी घरात झोळीत. ती छातीएवढ्या पाण्यातून घरापर्यंत गेली तर झोळी रिकामी. शेजारणीने मला उचलून आधीच वरच्या शाळेत नेलं होतं, पण हे मायला कोण सांगणार? कितीतरी वेळ ती मला धुंडत फिरली. घरी ही गोष्ट नेहमी हसत सांगितली जायची. नाना सांगायचे, काका सांगायचे. माय कधी सांगत नसे, हे त्या पाण्यात उभं राहून पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

ती पाण्यात शिरली. घर तिकडेच होतं तिच्या मते. मी मागून कंबर धरली. "माय! मी शे ना! ही बघ, मीच तुनी पोर!" तिने वळून माझ्याकडे बघितलं. पन्नाशीची बाई, चष्मा, पांढरे झालेले केस. घाटात जिच्या बांगड्या फिरवल्या ती मी, पण ओळखीचा कण नाही डोळ्यांत. "सोड माले! कोन शे व तू? मनी पोर मरी जाई तिकडे!" आणि तिने मला ढकललं. काय ताकद आली होती त्या हातांत. मी पाण्यात बसले. लाट तोंडावर आली, नाकात खारं पाणी गेलं. मी उठून पुन्हा तिला धरलं आणि ओरडले, चांगली ओरडले, "माझ्याकडे बघ! माझं नाव घे! काल घेतलंस ना! घे ना गं!" मला राग आला होता. कुणाचा ते माहीत नाही. पाण्याचा, त्या वांग्यांचा, नानांचा, देवाचा. हे आणि लेक धावत आले. लेक रडत होती. "आजी, मम्मी इथेच आहे, ही बघ." आजी कुणाचं ऐकते! भावाने तिचा दुसरा दंड धरला तर त्याच्याकडे परक्यासारखं बघून विनवायला लागली, दादा, तू उंच आहेस, तू जा, बघ. त्याचा काय दोष? त्या पुराच्या वेळी तो जन्मालाच आलेला नव्हता. तो तसाच रडत तिला धरून उभा राहिला.

पाणी कमरेपर्यंत आलं होतं. ओढून नेलं असतं तर तिने हाडं मोडून घेतली असती, पण बाहेर आली नसती. मग मी तेच केलं जे करायचं उरलं होतं. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्याच बोलीत, शेजारीण बोलेल तसं म्हटलं, "तुनी पोर वरनी शायमा शे. मी नेली तिले. धडधाकट शे. काही नही व्हयनं तिले."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "खरंच का व बाई?"

"खरंच."

"तूच नेली?"

"मीच नेली."

तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. आयुष्यात कधी, कुठल्याही दिवसात, मायने माझे इतके उपकार मानले नव्हते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घाटातलं ते हाक मारणं शेवटचं होतं, हे मला तेव्हाच कळून चुकलं, आणि मी काही करू शकत नव्हते. तिला वाचवायला मी माझ्याच तोंडाने मला तिच्यापासून दूर, कुठल्याशा शाळेत ठेवून आले होते.

मग तिने विचारलं, "रडी राह्यनी का ती?"

मी मान हलवली. हो, रडतेय.

"मंग चाल ना व बाई, उभी काय राह्यनी!" आणि ती वळली. आम्ही कुणी तिला ओढलं नाही, तीच मला ओढत होती. ओलं लुगडं पायात येत होतं तरी भराभर चालत होती, झाडांकडे, वरच्या बाजूला. मागे भरती चढली होती, केवढा थोरला समुद्र झाला होता, दुसरा काठ नसलेला. भाऊ मागून येत होता, तो कळवळून म्हणाला, "माय, एकदाव मागे तर देख. समुद्र शे तो."

ती थांबली नाही. मान वळवली नाही.

"कसाना समुद्र!" ती म्हणाली. "मनी पोर रडी राह्यनी तिकडे."