मला गिऱ्हाइकाचं ताट हवं होतं

इरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इराने एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर देण्याआधीच तुमच्याकडचं नेट गेलं. इरा सुट्टीत ज्या कॅफेत काम करते, तिथल्या मॅनेजरने सगळ्या मुलांना आपापल्या फोनवरून फाइव्ह स्टार द्यायला सांगितलंय. माणूस चांगला आहे, पण कॉफी वाईट आहे. "आजी, तू इतकी वर्षं रिव्ह्यू लिहिलेस. तू काय केलं असतंस?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. मराठी अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. या गोष्टीत तो फारसा नाही, त्यामुळे काही गाळणार नाही.

आधी माझ्या कामाबद्दल. सांगलीच्या एका दैनिकात दर गुरुवारी पुरवणीत माझं सदर असे, 'एका आईचं मत'. तुमचा बाबा लहान असताना ते सुरू झालं. तेव्हा 'फॅमिली रूम' अशी पाटी लावलेल्या हॉटेलांत आम्ही जात असू आणि भटारखान्याला लागून, पंखा नसलेल्या, मळक्या पडद्याआडच्या बाकावर आम्हाला बसवत. बाबा तिखटाने रडे. बाथरूमच्या दाराला कडी नसे, म्हणून तुमचे आजोबा बाहेर पहारा देत. मी चिडून संपादकांना पत्र लिहिलं. त्यांनी ते छापलं आणि म्हणाले, "लिहीतच राहा."

एका आठवड्याला हॉटेल, एका आठवड्याला घरातली वस्तू. कुकर, डबे, फरशी पुसायचं लिक्विड. वस्तू मी दुकानातून विकत घेई. कंपनीने घरी पाठवली तर त्याच खोक्यातून परत. मिक्सर असेल तर आधी शेंगदाण्याचं कूट करायचं. कूट मोकळं न राहता तेल सुटून त्याचा गोळा झाला, तर मिक्सर नापास. हॉटेल असेल तर सोबत लहान मूल न्यायचं, बिल स्वतः भरायचं आणि बाथरूमची कडी लावून पाहायची. शेवटची ओळ ठरलेली होती: 'पुन्हा जाईन' किंवा 'पुन्हा जाणार नाही.' सांगलीतले एक भांडीवाले मला म्हणायचे, "ताई, तुमची शेवटची ओळ आम्ही आधी वाचतो. पटली नाही तरच वरचं वाचतो."

हे प्रकरण अलीकडचं आहे. बाबा मोठा होऊन तुमच्यासह तिकडे गेला होता, तरी सदराचं नाव तेच होतं. मूल मात्र उसनं आणावं लागे. शेजारची पद्मा पाटील आणि तिची मिनू माझ्यासोबत येत. पद्मा जैन आहे, कांदा-लसूण खात नाही. हॉटेल पारखायला तिच्यासारखं कोणी नाही, कारण तिच्यासाठी भाजी वेगळी करावी लागते. वेगळं करायला सांगितलं की आत खरोखर कोण शिजवतंय ते कळतं.

माझी बहीण साताऱ्याला असते. तिच्याकडे जाताना उंब्रजच्या अलीकडे एक हॉटेल लागे. हायवेचं रुंदीकरण झालं आणि ते सर्व्हिस रोडला पडलं. गाड्या वरून निघून जात. मालक संपतराव आणि त्यांची बायको सुरेखा. घर मागेच, हॉटेलला चिकटून. माझा फोटो सदरावर येत असल्याने संपतरावांनी मला दारातच ओळखलं.

"आवं मावशी, तुमी? या, या. आज आमचं हाटेल पावन झालं बगा."

आम्ही बसलो. फॅमिली रूमला खिडकी होती, बाथरूमला कडी होती. मी खूश झाले. अख्खा मसूर, पनीरची भाजी आणि रोट्या मागवल्या. अख्खा मसूर म्हणजे न भरडलेल्या मसुराची उसळ. आमच्या भागात ती हॉटेलात हमखास मिळते. बराच वेळ काही आलं नाही. मग तीन ताटं आली. ज्वारीची पापुद्रा सुटलेली गरम भाकरी, मसूर, दोडक्याची भाजी, हिरव्या मिरचीचा खर्डा, घट्ट दही. पद्मासाठी मसूर वेगळा, कांदा-लसणाशिवाय, जिऱ्याच्या फोडणीचा. मिनूच्या ताटात दूधभाकरी कुस्करलेली.

आम्ही बोटं चाटून जेवलो. पद्मा म्हणाली, "काकू, आजची शेवटची ओळ मी सांगू का?"

पण शेजारच्या टेबलावर पुण्याकडे निघालेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्यापुढे लालभडक भाजी होती. पोराने एक घास खाऊन तोंड फिरवलं. आईने वाटी पुढे ढकलली. निम्मं तसंच ठेवून ते उठून गेले.

मी संपतरावांना बोलावलं. "आम्ही रोटी आणि पनीर मागवलं होतं. हे कुठून आलं?"

"घरातनं. हिनं केलंय."

"पण मला हॉटेलातलं हवं होतं."

त्यांना खरंच धक्का बसला. "मावशी, तुमच्यासारख्या माणसाला हाटेलातलं कसं घालायचं? बरं दिसंल का ते?"

हे वाक्य नीट वाचा, कारण सगळा पेच त्यातच आहे. ते मला फसवत नव्हते. आमच्याकडे मानाच्या माणसाला विकायचं अन्न वाढणं हा अपमान समजतात. पाहुणचार म्हणून त्यांनी घरचं वाढलं आणि पैसेही घेतले नाहीत. मी बळेच गल्ल्यावर ठेवले तर त्यांनी ते मिनूच्या फ्रॉकच्या खिशात घातले.

गाडीत पद्मा म्हणाली, "लिहून टाका ना चांगलं. जेवण चांगलंच होतं."

"ते आपल्यासाठी होतं. आपलं वाचून जो माणूस येईल, त्याला काय वाढतील?"

म्हणून पुढच्या वेळी मी गाडीतून उतरलेच नाही. गाडी झाडाआड लावली आणि पद्माला पार्सल आणायला पाठवलं. ती हसतच परत आली.

"काकू, मी म्हटलं कांदा-लसूण नको. वेटर म्हणतो, ताई, ग्रेव्ही तयारच येती, त्यातनं कांदा कसा वेचायचा?"

ग्रेव्ही म्हणजे भाजीचा रस्सा. बहुतेक हॉटेलांत सकाळीच कांदा-टोमॅटोचा एक रस्सा शिजवून ठेवतात आणि ऑर्डर येईल तसं त्यात पनीर किंवा मटार घालतात. त्यात गैर काही नाही. पण हल्ली तो रस्सा कारखान्यात तयार होऊन मोठ्या पाकिटातून येतो. पाकीट कापायचं, कढईत ओतायचं, पाणी घालायचं. मी गाडीत डबे उघडले. मसूर खाल्ला, पनीर खाल्लं. डोळे मिटले तर कुठलं काय ते दाताला कळत होतं, जिभेला नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. संपतराव.

"मावशी! दारात येऊन गाडीत बसून जेवताय? आमी मेलो का काय?"

हातात डबा आणि तोंडात घास, अशा वेळी माणसाला फार रुबाब दाखवता येत नाही. मी घास गिळून म्हटलं, "संपतराव, मला गिऱ्हाइकाचं ताट हवं होतं. तुम्ही दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं!"

आवाज ऐकून सुरेखा पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्या मांडीवरचा डबा बघून ती नवऱ्याकडे वळली. "मी म्हनत हुते. ते पाकीट बंद करा म्हनून."

"गिऱ्हाइकाला तेच लागतंय. फॅमिली येती ती पनीर खायाला. भाकरी खायाला कोन गाडी थांबवतंय?"

"गाडी तर तशीबी थांबत न्हाई."

संपतराव आत निघून गेले. मग सुरेखाने मला खरं काय ते सांगितलं. तिचं माहेर विट्याकडचं. तिकडची बरीच माणसं परराज्यांत सोनं गाळायची दुकानं चालवतात. तिच्या भावाचं तसं दुकान कोइम्बतूरला होतं आणि त्याला विश्वासाचा माणूस हवा होता. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर हॉटेलला कुलूप लावून तिकडे जायचं, असं संपतरावांनी ठरवलं होतं.

"मला न्हाई जायाचं, काकू," ती म्हणाली. "हितं माझी चूल हाय. तितं मी काय करू, दुसऱ्याचं सोनं बगत बसू? तुमी चार वळी चांगल्या लिवा. लोक तुमचं ऐकत्यात."

"सुरेखा, मी जे खाल्लं ते लिहीन."

"दोनी खाल्लं की तुमी."

ती रागाने म्हणाली की विनवून, मला आजही सांगता येत नाही. पण घरी येईपर्यंत लेख कसा लिहायचा ते ठरलं होतं.

आधी मी ते पाकीट दुकानातून आणलं. कंपनीचं नाव सुरेखाकडून कळलं होतं आणि तीच कंपनी घरांसाठी छोटी पाकिटंही विकते. घरी दोनदा भाजी केली. माझं मत असं झालं: आई तापाने पडली असेल तर पाकीट उपयोगाचं आहे, पण मीठ जास्त आहे, आणि त्यात काहीही घाला, चव पाकिटाचीच येते. मग लेखात मी दोन ताटं मांडली. हॉटेलातलं ताट: पाकिटाची ग्रेव्ही, मुलाने खाल्लं नाही, पुन्हा जाणार नाही. घरातलं ताट: भाकरी, मसूर, खर्डा, या रस्त्यावर याहून चांगलं मी जेवलेले नाही, पण ते विकत मिळत नाही. मिळेल त्या दिवशी पुन्हा जाईन.

संध्याकाळी संपादक देसाईंचा फोन आला.

"शैलाताई, 'पाकीट' हा शब्द काढू या."

"का?"

"त्याच पानावर त्या कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात आहे."

"मी कंपनीचं नाव घेतलेलं नाही."

"नाव कशाला लागतं? खाली चित्रच आहे. 'तयार मसाला' लिहू."

"मसाला मी घरीही वापरते. हे पाकीट आहे."

"ताई, तुम्ही एका शब्दासाठी अडून बसताय."

"तो एक शब्द काढला की सुरेखाला स्वयंपाक येत नाही असा अर्थ होतो. ते खोटं आहे. छापायचं तर पाकिटासकट छापा, नाहीतर त्या जागी दुसरी जाहिरात घ्या."

ते पुटपुटले. मग गुरुवारऐवजी शनिवारी, जाहिरात नसलेल्या पानावर त्यांनी लेख छापला. शब्द काढला नाही. संपादकाला नोकरीही सांभाळायची असते, याबद्दल मला तक्रार नाही.

शनिवारी सकाळीच संपतरावांचा फोन. "आमच्या अन्नाला जागला न्हाईसा, मावशी. पोटभर जेवलासा आनि पेपरात आमची अब्रू काढलीसा." मी म्हटलं, "जेवले ते चांगलं होतं, तेही लिहिलंय." त्यांनी फोन ठेवला. तो दिवस वाईट गेला. सुरेखाचं हॉटेल मीच बंद पाडलं, असं रात्रीपर्यंत वाटत राहिलं. तरी लेखातला एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

पुढचं मला सुरेखाने नंतर फोनवर सांगितलं. पनीरचं गिऱ्हाईक होतं तेही कमी झालं. पण कराडचे, साताऱ्याचे लोक सर्व्हिस रोडला उतरून विचारू लागले, "ते घरातलं ताट मिळतं का?" संपतराव त्यांना सांगत, "ते पावण्यांचं हाय. विकायचं न्हाई." एका दुपारी साताऱ्याचं एक म्हातारं जोडपं असंच परत फिरत होतं. सुरेखा चुलीपासून उठून थेट गल्ल्यापर्यंत आली. हॉटेलच्या पुढच्या भागात ती कधी येत नसे.

"विकायचं हाय," ती म्हणाली. "बसा."

"डोकं फिरलंय का तुजं?" संपतराव म्हणाले.

"फिरू द्या. कोइम्बतूरला नेऊन सरळ करा."

ते जोडपं जेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं आली. सुरेखाने भाकरी थापायला गावातल्या दोन बायका कामाला लावल्या. दिवाळी आली, गेली. कुलूप लागलं नाही.

पेपरने माझं सदर पुढे बंद केलं. कारण जागेची अडचण असं सांगितलं. मी विचारत बसले नाही.

तर इरा, मी काय केलं असतं ते हे. स्टार देऊ नकोस. कॉफी वाईट आहे आणि का वाईट आहे ते त्या चांगल्या माणसाला तोंडावर सांग. तो रागावेल. कदाचित तुझं काम जाईल, तेही धरून चाल. खोटं कौतुक वाचून आलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं, आणि एकदाच आलेल्या गिऱ्हाइकावर कुणाचंही दुकान चालत नाही.

हॉटेल अजून चालू आहे. घरातलं ताट दुपारी असतं, भाकरी संपेपर्यंत. पनीरही मिळतं, त्याच पाकिटाचं, आणि ते अजूनही वाईट आहे. संपतराव माझ्याशी मोजकंच बोलतात. सुरेखा उंब्रजलाच आहे. सोमवारी बंद.

तुमची,
आजी