आभारातलं नाव

"वार ओढायची तुमच्या लोकांना पिढ्यांची सवय. लिहायचं काम आमच्याकडं राहू दे."

सर, आमचे विभागप्रमुख, हे हसत म्हणाले. नगरजवळच्या मेडिकल कॉलेजात, त्यांच्या खोलीत, सगळ्या डॉक्टरांसमोर. मी तिथला लेक्चरर. सरांच्या हातात परदेशी जर्नलचा अंक होता, त्यात आमच्या कामावरचा लेख छापून आला होता. वर सरांचं नाव. मग त्यांच्या मुलाचं, जो एकदाही गोठ्यात शिरला नव्हता. माझं नाव शोधत मी शेवटच्या पानावर पोचलो. बारीक टायपात आभार होते. रक्ताचे नमुने आणून दिल्याबद्दल.

कुणीतरी चहा ढवळत होतं. मी अंक मिटून सरांच्या हातात परत दिला. त्याची लाज मला अजून वाटते.

लेख होता गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापाचा. हा प्रश्न माझा होता. गाय गाभडली की पोटात अडकलेली वार हात घालून ओढायला गाव माझ्या आजोबांना बोलवायचं. नंतर ते महिनोन्महिने तापानं फणफणायचे, कंबर धरून बसायचे. धर्मांतरानंतर वडिलांनी ते काम टाकलं. मी डॉक्टर झालो, पण आजोबांचा ताप डोक्यातून गेला नाही. पारनेर, संगमनेरकडचे गोठे मी पालथे घातले. रक्ताच्या बाटल्या थर्मासात बर्फात घालून एसटीनं आणल्या. प्रत्येक रोग्याचा ताप एका वहीत टिपला. वडील म्हणाले होते, "आमी टाकलं, आन् तू ते वहीत धरलं व्हय?" बोलणं तिरकं होतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वही तेच दाखवायचे.

लेखाची सरांना घाई झाली होती. बढतीची मुलाखत तोंडावर, आणि तिथं छापलेले लेख मोजतात. तीन आठवडे गोळ्या घेतलेले रोगी महिन्याभरानं बरे दिसत होते. सरांनी तक्ता तिथंच बंद केला आणि लिहिलं, तीन आठवडे पुरेत. माझ्या वहीत त्याच माणसांच्या पुढच्या नोंदी होत्या. ताप परत. ताप परत. कंबर धरली, ताप परत. मी वही पुढं केली तर म्हणाले, "ते पुढच्या लेखात बघू."

मग कार्डं यायला लागली. तेव्हा तशीच पद्धत होती. लेख हवा असलेला डॉक्टर छापील कार्ड पाठवायचा, लेखकानं टपालानं प्रत धाडायची. सर ती कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी पसरून पाहुण्यांना दाखवायचे. पाकिटं भरायचं काम माझं. पत्ते मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवायचो. हळूहळू दुसऱ्यांच्या लेखांत आमच्या लेखाचा दाखला दिसू लागला. एकानं दिला, मग त्याचं वाचून दुसऱ्यानं. सगळीकडं तेच वाक्य, तीन आठवडे पुरेत. प्रत्येक नव्या दाखल्याला सर पेढे वाटायचे आणि मी वहीतल्या ताप परत आलेल्यांच्या नोंदी पुन्हा मोजायचो.

एका सकाळी नेवाशाकडची जनाबाई आली. घरी दोन म्हशी, एक गाभडलेली. नवऱ्यानं तिला जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

"गोळ्या सरल्या डाक्टर, ताप न्हाई सरला," ती म्हणाली. "आता बसाया बी येत न्हाई."

ताप मणक्यात उतरला होता. तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. तीन आठवडे, लेखात होतं तसंच. खालचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून वही उघडली. त्यांनीही कार्ड पाठवलं होतं. त्यांचं पाकीट मीच चिकटवलं होतं.

त्याच आठवड्यात सरांनी दुसऱ्या लेखाचा मसुदा माझ्यापुढं सरकवला. "यात तुझं नाव दुसरं. झालं समाधान? कर सही."

पहिल्याच परिच्छेदात पहिल्या लेखाचा दाखला होता. तीन आठवडे पुरेत.

मी म्हणालो, "ताप परत आलेल्यांचा तक्ता छापा. नाहीतर माझं नाव नको."

सरांनी पेनाचं टोपण सावकाश लावलं. "नोकरी कायम व्हायचीय ना तुझी?"

"व्हय," मी म्हणालो. कॉलेजात मी घरची बोली कधी तोंडातून निघू दिली नव्हती. त्या दिवशी निघाली. "पन सही न्हाई करनार."

दुसऱ्या दिवशी मेमो आला. वही विभागाची मालमत्ता आहे, संध्याकाळपर्यंत जमा करावी. त्यानंतर माझ्या टेबलाशी कुणी थांबेना. माझ्या खोलीचं कुलूप बदललं गेलं. वही तोवर गावाकडं, वडिलांच्या ट्रंकेत होती.

मी तो तक्ता स्वतः टाइप केला. एक प्रत जर्नलच्या संपादकांना. मग वहीच्या मागच्या पानांवरचा एकेक पत्ता घेतला. ज्याला ज्याला लेख गेला, त्याला त्याला हा कागद. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि ज्या गावात आजोबांना वार ओढायला बोलवायचे त्या गावाचा पत्ता. उत्तरं येतील ती तिथंच येऊ देत.

पोस्टातला कारकून शिक्के मारताना म्हणाला, "सायेब, लई पाकिटं झाली. बाकीची उद्या आना."

"उद्याची येगळी हायेत," मी म्हणालो.

तो लेख घेऊन माझ्या हातून गेलेलं एकही पाकीट मी या कागदाशिवाय सोडणार नाही.