इंजिन उघडायचं नाही

माझी कुसुमावती आत्या गेली पंचवीस वर्षं एका केंद्रीय मंत्रालयात टायपिस्ट आहे. हॉलमध्ये तीस टाइपरायटर एकदम कडकडत असतात आणि आत्या मान वर न करता म्हणते, "शालिनी, तुझ्या मशीनचं एक बटण जड झालंय." शालिनीबाई आधी रागावतात, मग बघतात, मग तेल घालतात.

तिने लग्न केलं नाही. टीव्ही तिला आवडत नाही. आवडते ती दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरखाली उभी असलेली साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. लष्कराच्या लिलावात घेतलेली, पण आजवर इंजिन उघडावं लागलेलं नाही, हे ती भाजीवाल्यालासुद्धा सांगते. दर चौदा जानेवारीला मराठी मंडळ बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. पहिल्या वर्षी सेक्रेटरी म्हणाले, "बायकांची सोय बसमध्ये आहे हां!" तेव्हापासून आत्या मोटरसायकलवरून जाते, बसच्या पुढे.

पंच्याण्णव साली जायला दोन दिवस उरले असताना मोटरसायकल बोलायला लागली. चाळीसच्या पुढे गेलं की त्या धगधगधगमध्ये मधूनच एक टक्. जरा थांबून पुन्हा टक्. भिंतीवर पाल चुकचुकावी तसा.

माझे बाबा, श्रीरंग, हे तिचे धाकटे भाऊ. वाक्याआधी घसा साफ करायची त्यांना सवय आहे. "अंहं. ताई, पुरे आता. पन्नाशी आली. विकून टाक ती, आणि या वेळी बसने चल."

"बसने तू जा. खिडकीची सीट घे."

शेवटी तडजोड अशी झाली की नोएडातल्या नव्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवायची. ते म्हणतील तसं.

सेंटर नवंकोरं होतं. काचेची दारं, एसी, कुंड्यांत प्लॅस्टिकची झाडं. राजवीर नावाचा टायवाला आला. त्याने गाडी जागच्या जागी चालू केली, डोळे मिटून "हूं" केलं आणि आत्याकडे पाठ फिरवून बाबांना सांगितलं, "सर, मॅडम की बाइक का इंजन खोलना पडेगा. पंद्रह दिन." पंद्रह दिन तो असं म्हणाला, जसं काही पेढेच वाटतोय.

"आपने आवाज सुना?" आत्याने विचारलं. उभ्या गाडीत तो येतच नव्हता.

"मॅडम, एक्सपीरिअन्स है."

"मेरा भी है. चाबी."

बाबांचा घसा दोनदा साफ झाला. आत्याने मला मागे बसवलं. बाहेर रुंद, रिकामे रस्ते. दोन्ही बाजूंना विटांचे ढीग आणि न बांधलेल्या इमारतींची रंगीत चित्रं. पन्नासला आत्याने क्लच दाबला. चाकापासून सुटलेलं इंजिन एकदम मंदावलं, मांजरासारखं घुरघुरायला लागलं. टक् मात्र तसाच. टक्. टक्.

"ऐकलंस? इंजिन मंदावलं, हा नाही मंदावला," आत्या ओरडली. "म्हणजे इंजिनाचा काही संबंध नाही!"

परत आल्यावर हे तिने राजवीरला सांगितलं.

"तो फिर गिअरबॉक्स होगा. वो भी खोल देंगे."

"आपको खोलने का बहुत शौक है."

बाबा म्हणाले, "अगं ताई, तो शिकलेला माणूस आहे."

"मग मोजताही येत असेल."

तिने गाडी मेन स्टँडवर चढवली, न्यूट्रलला टाकली. विटेच्या तुकड्याने मागच्या टायरवर रेघ ओढली आणि चाक हाताने फिरवायला लागली. एक फेरी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी पुरी व्हायच्या आत टक्. पुन्हा तेच. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच.

"चाकाचा दोष असता तर दर फेरीला वाजला असता. गिअरबॉक्सचा असता तर त्याहून जास्त. इथे चाकापेक्षा हळू फिरणारी वस्तू एकच. चेन."

ती एकेक कडी बोटांनी वाकवत गेली. एक वाकेना. गंजून ताठ झालेली.

"तीन आठवडे धुक्यात उभी ठेवली, तेल दिलं नाही. चूक माझी. पण शिक्षा इंजिनाला का?"

रॉकेल, मग तेल, मग वीस मिनिटं ती कडी इकडून तिकडे. हात कोपरापर्यंत काळे. कडी नरमली. राजवीरने एक छापील फॉर्म पुढे केला: इंजन में खराबी, गाडी अपनी जिम्मेदारी पर ले जा रहे हैं. आत्याने 'इंजन में खराबी' वर काट मारली, वर लिहिलं 'चेन की एक कडी, ठीक कर ली', आणि हुद्द्यासकट सही ठोकली. काळा अंगठाही उमटला.

"रास्ते में रुक गई तो?"

"तो मैं खोलूंगी. आप नहीं."

चौदाला पहाटे आम्ही निघालो. तेव्हाही ती पुन्हापुन्हा क्लच दाबून ऐकत होती. सोनीपतच्या पुढे मंडळाची बस आमच्या बाजूला आली. खिडकीतून मफलर गुंडाळलेलं डोकं बाहेर आलं. बाबा. वाऱ्यात घसा साफ केलेला काही ऐकू आला नाही, पण पुढचं आलं, "ताई! आवाज येतोय का?"

"येतोय!"

"अरे देवा! कसला?"

"तुझा!" आत्या ओरडली आणि तिने गाडी पुढे काढली.