मैदानावरची लुगडी

घोड्यावर बसायचं आमचं ठरलं, तेव्हा घोड्यांची अडचण नव्हती. थंडी पडली की कलकत्त्याच्या मैदानावर, व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाच्या अंगाला, भाड्याची घोडी भल्या सकाळी येऊन उभी राहत आणि त्यांचा मालक कुणालाही, अगदी आम्हालासुद्धा, घोडं द्यायला तयार असे. घोडं पेंड खात होतं ते साडीपाशी.

आम्ही चौघी कॉलेजातल्या मैत्रिणी. एक डॉक्टरांची मुलगी, दोघी सख्ख्या बहिणी आणि मी. त्या तिघी बंगाली, मी पुण्याहून बदलून आलेल्या सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. स्वातंत्र्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि आपणही आता काहीतरी करून दाखवावं असं आम्हाला वाटत होतं. काय करावं हे मात्र डॉक्टरांच्या मुलीनं ठरवलं, कारण कुठलीही गोष्ट ठरवायला ती आमच्याआधी तोंड उघडत असे. पूजेच्या सुट्टीत दार्जिलिंगला जाऊन ती तट्टावर बसून आली होती. मैदानातून, किल्ल्याच्या कडेनं, थेट गंगेपर्यंत घोड्यावरून जायचं असा तिचा बेत होता. दार्जिलिंगला तट्टाचा लगाम धरून एक माणूस पुढे चालत होता, ही गोष्ट तिनं आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितली.

पहिल्या दिवशी आम्ही साड्या नेसून गेलो. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं, मेमसाहेब तशाच बसतात, असं तिनं सांगितलं. मेमसाहेबांचं खोगीर वेगळं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. घोड्याला ठाऊक असावं, कारण ते दोन पावलं चाललं आणि थांबून मागे वळून बघायला लागलं. मी पोत्यासारखी घसरून खाली आले. थोरल्या बहिणीच्या निऱ्या सुटल्या आणि धाकटीला दोन्ही हातांनी त्या धरून घोड्याबरोबर चालावं लागलं. दोन बाजूंना पाय टाकून बसावं तर साडी गुडघ्यावर चढणार. सलवारी शिवाव्यात तर चौघींच्या घरी कारण सांगावं लागणार, आणि घरी आम्ही नुसत्या फिरायला जात होतो.

माझ्या घरी त्या वर्षी साडीचाच प्रश्न चालू होता, पण तो वेगळा. आईनं लुगडं सोडून गोल साडी नेसावी असं बाबांचं म्हणणं होतं.

बाबा किल्ल्यातल्या लष्करी कचेरीत हिशेबाच्या खात्यात अधिकारी होते. पुण्यात असताना आईच्या नऊवारीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. कलकत्त्याला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साहेबांच्या बायका गोल साड्या नेसतात आणि आपली बायको कासोटा घालते. त्यांनी एक फिकट गुलाबी साडी आणली. आईनं ती हातात घेतली, पोत बोटांनी चाचपलं, छान आहे म्हणाली आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवून दिली. बाबा भांडणारे नव्हते. ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून उसासे टाकत, आणि उसासा बातमीचा की लुगड्याचा हे आम्हाला पानाच्या थरथरण्यावरून ओळखता येई.

एकदा दार लावून आईनं ती साडी नेसून पाहिली होती. बाहेर आली ती लुगड्यातच. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "त्यात पाऊल मोकळं पडत नाही."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण पूर्ण नाही. गल्लीतली पोरं लुगड्याकडे टकामका बघत. बाबा रस्त्यानं पूर्वीही आईच्या दोन पावलं पुढे चालत, आता ते इतके पुढे चालायला लागले की दोघं बरोबर आहेत हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. हळूहळू आईनं बाहेर जाणंच सोडलं. पुण्यात सकाळ-संध्याकाळ देवळात, मैत्रिणींकडे, मंडईत जाणारी ही बाई भवानीपूरच्या आमच्या वरच्या मजल्यावर दिवसच्या दिवस काढायला लागली. मला त्याचं वाईट वाटे. आणि लुगडं सोडलं असतं तर ती बाहेर गेली असती असंही नव्हतं. तिच्या अंगावर दहाव्या वर्षापासून जे होतं ते काढून तिला रस्त्यावर उभं करण्यासारखंच होतं ते.

अशात एका दुपारी डॉक्टरांची मुलगी माझ्याकडे आली. मी तिला गच्चीवर नेलं. वाऱ्यानं आईच्या कुरडयांचं फडकं उडून शेजारच्या गच्चीत गेलं होतं आणि ते ओढून घ्यायला आई दोन गच्च्यांमधल्या बुटक्या भिंतीवर चढली होती. एक पाय आमच्या गच्चीत, एक पाय शेजारच्यांच्या, लुगडं घोट्यापर्यंत नीट, पदर खोचलेला, आणि ती आरामात फडकं गोळा करत होती.

डॉक्टरांची मुलगी दारातच थांबली. मग माझा दंड धरून म्हणाली, "माशीमा तर घोड्यावर बसल्यात." माझ्या आईला त्या तिघी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत.

आम्ही आईला सगळं सांगून टाकलं. आई बंगाली मुलींशी सरळ मराठीत बोले आणि त्यांना ते कळतं असं धरून चाले. त्याही बंगालीत उत्तरं देत आणि कुणाचंच काही अडत नसे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नेसवीन म्हणाली. अट एकच. ती बरोबर येणार. घोड्याखाली मुली चिरडल्या तर त्यांच्या आयांना काय सांगायचं, हे तिचं कारण होतं. मला वाटतं, तिला फक्त बाहेर पडायला एक कारण हवं होतं.

रविवारी पहाटे आमच्या घरात आम्हा चौघींना उभं करून आईनं लुगडी नेसवली. बहिणींना इरकली, डॉक्टरांच्या मुलीला काळी चंद्रकळा, मला तिचं रोजचं. श्वास घ्यायचा असेल तर आत्ताच घेऊन ठेवा, असं सांगून ती कासोटा असा काही ओढून खोचत होती की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. माशीमा बरोबर आहेत म्हटल्यावर त्यांच्या घरून परवानग्याही मिळाल्या होत्या. मुली मराठी लुगडं नेसणार हे ऐकून बहिणींची आजी खूप हसली म्हणे. दोनशे वर्षांपूर्वी मराठी स्वार बंगालवर लुटीसाठी चाल करून येत, त्या आठवणीनं तिकडे अजून पोरं झोपवतात. आपला बारगीर तिकडे बोर्गी झाला. आता घरच्याच नाती बोर्गी होऊन निघाल्यावर आजी तरी काय करणार.

आणि बसलो की आम्ही. पाय दोन्हीकडे, कासोटा घट्ट, लुगडं जागच्या जागी. घोडी मात्र भाड्याची होती. त्यांना कुठे वळायचं आणि कुठे थांबून गवत खायचं हे आमच्याहून पक्कं ठाऊक होतं. व्हिक्टोरियापासून सुरूच्या झाडांखालची वाट धरून आम्ही निघालो. धुकं इतकं खाली उतरलेलं असे की झाडांचे बुंधे दिसत आणि शेंडे दिसत नसत. डावीकडे शर्यतीच्या मैदानाचे पांढरे कठडे, पुढे किल्ल्याचे हिरवे उतार, आणि त्याच्याही पुढे घाटाच्या खांबांमधून अचानक गंगा. तिथवर पोचलं की घोडी आपसूक थांबत. होड्या धुक्यात सरकत, कुठल्यातरी बोटीचा भोंगा वाजे आणि आम्ही चौघी बघत राहत असू. इतकं मोकळं मला कलकत्त्यात पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

आमच्या मागून आई फिटनमधून, उघड्या घोडागाडीतून, येई. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, अंगावर शाल, आणि तोंडानं सूचना चालू. पाठ ताठ ठेवा. लगाम ओढू नका, तोंड दुखतं त्याचं. सकाळी फिरायला आलेल्या, कानटोपी घातलेल्या एका आजोबांनी आमचा तांडा पाहून बोर्गी आले म्हणत वाट सोडली. आईला अर्थ सांगितला तर ती खूश झाली. दर रविवारी ती आमच्याआधी तयार असे. आठवडाभर ती लुगडी धुऊन, वाळवून, घड्या घालून बाबांच्या उशापाशी ठेवी आणि धुतली तरी त्यांना घोड्याचा वास येई. बाबांनी त्यावर फक्त उसासे टाकले.

एका रविवारी डॉक्टरांच्या मुलीचं घोडं किल्ल्याच्या उतारावर चरायला गेलं आणि काही केल्या हलेना. तेवढ्यात एक उंच, मिशीवाले लष्करी अधिकारी आपल्या झकास घोड्यावरून आले. ते इंग्रजीत काय विचारत होते ते पुरतं कळायच्या आत तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. आम्ही कोण, मी कुणाची मुलगी, माझे वडील कुठल्या कचेरीत, आणि हा पोशाख कुणाचा. शेवटी तिनं फिटनकडे बोट दाखवलं. ते बाबांच्याच कचेरीचे बडे साहेब निघाले. त्यांनी जवळ जाऊन आईला टोपीपाशी हात नेऊन सलाम केला. आईला काय करावं सुचलं नाही, म्हणून तिनं डबा उघडून एक लाडू पुढे केला. नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी हातमोजा काढून तो तोंडात टाकला, आणि डिंकाचा लाडू तोंडात असताना जसं कुणालाच बोलता येत नाही, तसं त्यांनाही पुढे काही बोलता आलं नाही. मान डोलावून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीतून आले ते वर्तमानपत्राला हात न लावता सरळ स्वयंपाकघरात. येत्या शनिवारी किल्ल्यात चहापानाचा समारंभ होता. साहेबांनी मुद्दाम बोलावून सांगितलं होतं की बाईंना आणा, आणि त्याच पोशाखात आणा. बाबांचा चेहरा असा फुलला होता की लुगडं जणू त्यांनीच शोधून काढलं होतं. कुठलं नेसशील, ती हिरवी पैठणी काढ, नथ घाल, असं ते सांगत सुटले.

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबवून ती म्हणाली, "तुम्ही सोड म्हणत होता, तेव्हा मी लुगडं सोडलं नाही. आता साहेब म्हणतो म्हणून नेसू होय? माझ्या अंगावर काय असावं हे सांगायला मला किल्ल्यातून माणूस लागत नाही."

आणि शनिवारी ती ट्रंकेतली फिकट गुलाबी साडी नेसून बाहेर आली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. इतके महिने जे मागत होते ते समोर उभं होतं, आणि त्यांना ते नको होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी ती साडी तिला शोभत होती, पण तिच्यात माझी आई कुठेतरी लहान झाली होती.

समारंभाला मीही बरोबर गेले. तिथे पायऱ्या होत्या. आईचं पाऊल मोकळं पडेना. दुसऱ्याच पायरीवर ती अडखळली आणि थांबली. पुढे गेलेल्या बाबांनी वळून पाहिलं. सगळी साहेबमंडळी वर उभी होती. बाबा परत खाली आले, त्यांनी आईचा हात धरला आणि एकेक पायरी चढवत तिला वर नेलं. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. साहेबांनी लुगड्याबद्दल विचारलंच. बाबा म्हणाले, ते ती ठरवते.

रात्री घरी आल्यावर बाबा उद्या काय नेसशील असं काही म्हणाले नाहीत. ते शहाणे झाले होते. त्यामुळेच असेल, सकाळी आई आमच्याआधी लुगडं नेसून तयार होती.

त्या रविवारी मैदानावर ती फिटनमधून उतरली. माझ्या घोडीजवळ गेली, तिला गूळ चारला, मानेवरून हात फिरवला. मग खोगिरावर हात ठेवून तिनं कासोटा जरा घट्ट केला. घोडेवाल्यानं रिकीब धरली.

"बोशून ना, माशीमा," डॉक्टरांची मुलगी म्हणाली. बसा ना.

आईनं हात काढून घेतला. "बसले असते," ती म्हणाली, "पण आता तू सांगितलंस." आणि ती जाऊन फिटनमध्ये बसली.

मला त्या मैत्रिणीचा इतका राग आला की आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. पुढच्या रविवारी मैदानावर उतरल्या उतरल्या आईनं डबा उघडला, त्यातला सगळ्यांत मोठा डिंकाचा लाडू डॉक्टरांच्या मुलीच्या तोंडात भरला, ती तो नीट चावायला लागलीय याची खात्री केली आणि मग घोडीकडे वळली.