दोन जावांची हाडं

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, पण कोणाचं ते कळलं नाही. कोपरीतल्या आमच्या घरी मोरीत थोरल्या जाऊबाईंचा पाय सरकला, त्यांनी माझा दंड धरला आणि दोघी आपटलो. उठायला गेलो तर दोघींचाही पाय हलेना.

ठाण्याच्या इस्पितळात दोघींच्या खुब्यातला मोडका गोळा काढून धातूचा बसवला. खाटा शेजारी शेजारी. इंजिनीअरिंग शिकणारी एक मुलगी आली. काढलेली हाडं तिला तपासायला हवी होती. तपासायचं मोठं यंत्र कॉलेजला परवडत नव्हतं, म्हणून तिने स्वतःच एक बनवलं होतं.

"ने," जाऊबाई म्हणाल्या. "नाहीतरी जाळणारच ना?"

पुढच्या खेपेला तिने मोबाइलवर दाखवलं. हाडातून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापलेला, त्यावर लोखंडी दांडा टेकवलेला, दांड्याच्या टोकाला बादली. बादलीत थोडी थोडी वाळू टाकत जायची, तुकडा चेपेपर्यंत. माझा अर्ध्या बादलीतच चेपला. जाऊबाईंची बादली काठोकाठ भरली, तरी तुकडा तसाच.

"तुझं हाड म्हणजे पापड गं!" जाऊबाई हसल्या. मग खोकल्या.

"आजी, यातून हाड किती भार सोसतं एवढंच कळतं," मुलगी म्हणाली. ते त्यांनी ऐकलं नाही.

वॉकर घेऊन चालायला शिकवणारी बाई रोज यायची. मी शिव्या घालत उभी राहायचे. तो चेपलेला तुकडा बघून धडकी भरली होती, आता पडून राहिले तर कायमची पडेन. जाऊबाई मात्र पाय खाली सोडायला तयार नव्हत्या.

"माझं हाड पक्कं आहे. मी सावकाश उठेन. घाई हिला."

"अहो, पडून राहिलात तर छातीत कफ साचेल. डॉक्टर ओरडून सांगतायत," मी म्हटलं.

"तू मला शिकवू नकोस."

त्यांचा मुलगाही त्यांच्याच बाजूने. "आईला दुखतंय, काकी. राहू दे ना."

राहू दिलं. ताप आला, छाती घरघरायला लागली, तोंडावर ऑक्सिजन लावला. तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "मला उठवा." आता डॉक्टर नको म्हणाले.

दोन दिवसांनी जाऊबाई त्याच खाटेवर गेल्या. मी जगले.