बनियनचा बोळा

विमानाच्या टाकीत हवा जाते ती नळी मी स्वतःच बोळा कोंबून बंद केली आणि विसरलो. फ्लाइंग क्लबात मेकॅनिक म्हणून अठ्ठावीस वर्षं घासल्यावर! त्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि रोज तिचं घर मोडून मी कंटाळलो होतो. सकाळी टाकीचं झाकण उघडून त्याचं रबर तपासलं, झाकण घट्ट लावलं आणि 'विमान उडायला ठीक' म्हणून ऐटीत वहीत सही ठोकली.

उड्डाणाआधी फेरी मारताना पायलट मॅडमनी पंखाखाली वाकून बोळा उपसला. माझ्याच जुन्या बनियनचा. ओळख पटायला वेळ लागला नाही.

पेट्रोल जेवढं उतरतं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर भरल्या टाकीनिशी इंजिन आकाशातच बंद पडतं. वाटलं, माझंही हेच झालंय: अनुभव काठोकाठ, झाकण घट्ट, आणि आत वारा शिरायला जागाच नाही.

"माशीमुळे केलं हो, मॅडम," मी पुटपुटलो.

"माशी परवडली, काका," बोळा माझ्या हातात ठेवत त्या म्हणाल्या. "ती नळी बुजवते, पण वर सही करत नाही."