घासलेला गंज

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच की! बघ ताई, आरशागत झालंय का नाही? दोन दिवस घासत होतो, खांदे भरून आले. वरनं चंदेरी रंगाचा हात मारला."

"सांगितलं कुणी तुम्हाला?"

"साहेबांनी. म्हणाले, समिती यायचीय, गच्चीवरचं भंगार जरा माणसात आणा. म्हटलं, पोरगी गावाहून आली की खूश होईल."

पोरगी मटकन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली. समोर लोखंडी घोडीवर तिच्या पोलादी प्लेटा रांगेनं तिरक्या लावलेल्या, नवरीच्या ताटागत चमचम करत होत्या. चार वर्षांचा गंज मामांनी तारेच्या ब्रशनं खरवडून, वर झाडूनही काढला होता. मामा विभागाचे जुने शिपाई. त्यांच्या हातात अजून तो ब्रश होता आणि तोंडावर शाबासकीची वाट.

तिच्या तोंडात शिवी आली होती. मामांकडे बघून तिनं ती गिळली. पण गिळलेली शिवी काही पोटात गप्प बसत नाही.

धातूच्या विभागात सगळे तिला गंजाबाई म्हणत. बाप दारं-खिडक्या जोडणारा वेल्डर. त्याचा जन्म गंज घासण्यात गेला आणि लेक विद्यापीठात जाऊन गंज पाळते, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं. "अगं, कोंबड्या पाळ, शेळ्या पाळ. गंज कसला पाळतेस? दूध देतो का तो?" असं तो चारचौघांत विचारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. पण शेजाऱ्यानं तेच विचारलं की, "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणून अंगावर जायचा.

तिचा प्रश्न साधा होता. लोखंडावर आधी तांबूस, भुसभुशीत गंज येतो. बोट लावलं की हाताला लागतो. पण एका जातीच्या पोलादावर काही वर्षांनी त्याच्याखाली काळपट, चिवट थर धरतो आणि तोच आतल्या लोखंडाचं पांघरूण होतो, म्हणतात. ह्या गच्चीवर येतो तसल्या समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हे पांघरूण टिकतं का? टिकलं तर पूल रंगावाचून उभे राहतील. टिकलं नाही तर एक दिवस माणसांसकट खाली येतील. ह्या वर्षी तो काळा थर कुठं धरायला लागला होता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून ती आठवडाभर घरी गेली, आणि इकडे हा उद्योग.

ती तशीच जिना उतरून विभागप्रमुखांच्या खोलीत घुसली. पाठीमागं त्यांना सगळे रंगारी म्हणत, कारण समिती यायची म्हटलं की हा माणूस कुंड्यांपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं रंगवून घ्यायचा.

"सर, माझा प्रयोग घासून काढलात तुम्ही."

"आरडाओरडा नको. मला काय माहीत तो प्रयोग आहे? गंजलेलं दिसलं."

"गंजाचाच प्रयोग आहे, सर. माझ्या अर्जावर तुमचीच सही आहे!"

रंगाऱ्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग आवाजात साखर घोळवून म्हणाले, "हे बघ, तीन वर्षांची मोजमापं आहेत ना तुझ्याकडे? त्यावरून चौथ्याची रेघ ओढ पुढं. गंज काय, वाढतच जातो."

"वाढतो का थांबतो, तेच तर बघत होते मी!"

"मग थांबला म्हण. तुझं काम होईल, विभागाची अब्रू राहील. उद्या समितीला सांग, नव्या प्लेटा आहेत, प्रयोग सुरू होतोय. पदवी पाहिजे ना तुला?"

पाहिजे होती. चार वर्षं तिनं दुसरं काय मागितलं होतं? बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली होती. रेघ ओढायला पट्टी आणि पेन्सिल, एवढंच काय ते लागणार होतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती ह्यापायी, की त्या माणसाला आपण काही वंगाळ बोललो असं वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समिती गच्चीवर आली. त्यातल्या पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा पुसून प्लेटा न्याहाळल्या. "इथं गंजाचं काम चालतं ना? मग गंज कुठाय?"

रंगारी हसत पुढं झाले. "ते असं आहे, मॅडम..."

"घासून काढला," गंजाबाई म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून. माझी चार वर्षं पार उकिरड्यावर गेली. सरांचं म्हणणं, अंदाजानं रेघ ओढ. मी ओढणार नाही. त्या रेघेवरून कुणी पूल बांधला तर त्यावरनं माझा बापही जाईल."

कुणी खोकलं, कुणी घड्याळ बघितलं. बाईंनी विचारलं, "मग आता?"

"परत पहिल्यापासून."

"मुदत वाढवून द्यायला हरकत नाही," बाई म्हणाल्या आणि रंगाऱ्यांकडे वळल्या. "कारण मात्र लेखी द्या. तुमच्या सहीनं."

रंगाऱ्यांचा चेहरा त्या प्लेटांच्या रंगाचा झाला. समिती उतरल्यावर ते दातओठ खात म्हणाले, "बघतोच तुला."

"बघा की! आधी बघितलं असतं तर ही वेळ आली नसती."

ते पाय आपटत गेले. मुदत मिळाली म्हणून तिचा राग काही उतरला नाही. मुदतीनं गंज थोडाच परत येतो?

मामा भिंतीला टेकून उभे होते, मान खाली. "ताई, माझ्या हातानं झालं गं."

"हो, झालं," ती म्हणाली. उगाच समजूत घालायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं कोठीतून त्याच पोलादाच्या कोऱ्या प्लेटा आणून ठेवल्या. कारखान्याचं तेल अजून त्यांना चिकटलेलं होतं आणि घोडीवर लावायच्या आधी ते पार काढावं लागतं.

तिनं एक प्लेट आणि फडकं मामांच्या पुढ्यात सरकवलं.

"आता घासा. आणि एकदा घोडीवर चढवल्यावर, साक्षात देव आला तरी हात लावायचा नाही."

मामा मांडी घालून बसले. तिनं पाना उचलला आणि घोडीवरची पहिली चंदेरी प्लेट सोडवायला घेतली. रंगानं नट जाम बसला होता. दोन शिव्या घातल्या, तेव्हा हलला.